सांधेबुवानं लांब केलेला पाय

दर गुरुवारी भोसरीतल्या त्या बंद पडलेल्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. पहिल्या शिफ्टची माणसं भिंतीला सायकली टेकवून थेट आत शिरत. लंगडे असत, काठीवाले असत, आणि त्यांच्याहून जास्त नुसते बघे. एके काळी तिथं नटबोल्ट बनत. आता चमत्कार बनत होते, आणि माल तितकाच झटपट निघत होता.

सांधेबुवा माणसाला स्टुलावर बसवी, टाचा धरून त्याचे दोन्ही पाय उचली आणि गर्दीला दाखवी: एक टाच चार बोटं मागे. मग डोळे मिटून पुटपुटे, आणि सगळ्यांदेखत आखूड पाय वाढून दुसऱ्याच्या बरोबरीला येई.

"डॉक्टर लोखंड घालतो, आम्ही प्राण घालतो," बुवा म्हणे. "लोखंडाला गंज चढतो, लेकरांनो."

दिवसभर न गंजणारं पोलाद कातून आलेली माणसंच या वाक्याला टाळ्या देत, आणि गौहरबाईंचं कपाळ दुखू लागे.

गौहरबाई शाळेत शिकवायच्या. त्या काही तमाशा बघायला आल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारच्या पुतळाबाईंचा डावा खुबा झिजून पाय आखूड झाला होता. खाली बसणं सुटलं, मग झोपही सुटली. पुण्याच्या सर्जननं कृत्रिम सांधा बसवू म्हणून सांगितलं, सोमवारची खाट राखून ठेवली, आणि कुणी न विचारता धोकेही सांगितले. जंतू शिरले तर सांधा काढावा लागतो. पायात रक्ताची गाठ होऊ शकते. सांधा निखळतो, वर्षांनी ढिला पडतो. पाय बोटभर आखूडही राहील कदाचित. मनात शंका असेल तर आणखी एका डॉक्टरला विचारून या, असंही म्हणाला.

पुतळाबाईंनी यातून एवढंच घेतलं, की डॉक्टरला स्वतःचीच खात्री नाही. मागच्या गुरुवारी बुवानं त्यांचा पाय लांब केला. त्या भरात त्या काठीविना चार पावलं चालल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठल्याच नाहीत. श्रद्धा कमी पडली, बुवा म्हणाला. लोखंडाचा विचार सोड. मुलगा किसन खाट नको म्हणून कळवायला निघाला, तेव्हा गौहरबाईंनी त्याला या गुरुवारपुरतं थांबवलं होतं.

आज किसन आईला धरून शेडमध्ये घेऊन आला होता, आणि गौहरबाई स्वतः उजव्या पायानं लंगडत स्टुलाकडे गेल्या. बुवानं पाय उचलले. उजवा चार बोटं आखूड! जन्माचा दोष आहे, म्हणाला. मग पुटपुट झाली आणि पाय सारखे झाले.

गौहरबाई उठल्या, ताठ चालत दारापर्यंत जाऊन आल्या.

"बुवा, माझे पाय आधीपासूनच सारखे आहेत. लंगडण्याचं मी सोंग केलं. तुम्ही त्यातला एक चार बोटं वाढवलात, तर मी आता लंगडायला हवं होतं ना?"

शेडमध्ये कुणीतरी फसकन हसलं. बाई परीक्षा घेते, देव कोपेल, असं बुवा म्हणतोय तोवर त्यांनी धडधाकट किसनला स्टुलावर बसवलं. टाचा धरून त्याचे दोन्ही पाय जरासे डावीकडे नेले: उजवा आखूड. उजवीकडे नेले: डावा आखूड. मधे आणले: सारखे.

"कंबर किंचित वळते, म्हणून एक टाच मागे पडते. तुम्ही सगळे टाचांकडे बघता, कमरेकडे कोण बघतंय? मंत्र म्हणायचा मात्र माझा राहिला."

पुतळाबाई काठीवर रेलून उभ्या राहिल्या.

"बुवा, तुमच्या हातून कंदी बिघडलं तर?"

"माझ्या हातून बिघडत न्हाई, माये."

मागच्या गुरुवारी याच उत्तरानं त्यांना धीर आला होता.

"त्यो डागदर म्हनला, त्यानं सांधा बसवल्याल्या दोघांच्या पायात जंतू शिरलं व्हतं. मग त्यानं काय केलं त्येबी सांगितलं. त्याला बिघडल्यालं ठावं हाय. तुमाला ठावंच न्हाई, तर निस्तरनार कसं?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "किसन, चल. सोमवारची तयारी करायची हाय."

शस्त्रक्रिया झाली. पाय बोटभर आखूड राहिला, तसा राहू शकतो हे आधीच सांगितलेलं होतं. चांभारानं चपलेला एक जादा तळ लावून दिला, आणि त्या चपलेवर पुतळाबाई पुढं कितीतरी वर्षं चाकणच्या बाजाराला जात राहिल्या.

आपलं हाड कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना नीट विचारून घ्या. अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, काय काय बिघडलं, बिघडल्यावर काय केलंत? जो या प्रश्नांना चिडतो किंवा डोळे मिटून पुटपुटतो, त्याच्यापुढून उठा. उठता येतंय तोवरच उठा.