अनलिमिटेड, पण जपून

"बाबा, जी वस्तू कधी वापरायचीच नाही, ती अनलिमिटेड असली काय नि नसली काय, फरक काय पडतो?"

प्रश्न टकळीचा स्वतःचा नव्हता. दुपारी शाळेच्या मैदानावर तो गोलकीपरने तयार केला होता, कॅप्टनने घासूनपुसून लख्ख केला होता आणि डावखुरीने वर आव्हान दिलं होतं, "हिंमत असेल तर आज जेवताना बाबांना विचारून दाखव. नाही विचारलंस तर उद्यापासून तुला टकळी नाही, मुकी म्हणायचं." टकळी हे नाव तिने नुकतंच कमावलं होतं. इतक्या मेहनतीचं नाव असं फुकटात कोण जाऊ देईल?

जेवणाच्या टेबलाखाली आईने उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला. आई गाडी शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते आणि तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. त्यामुळे घरातही धोका दिसला की तिचा पाय आपोआप दाबला जातो. घरात त्याने काहीही थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि चष्मा शर्टाने पुसू नका हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत असतात. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"फरक मनःशांतीचा पडतो," बाबा म्हणाले. "दुकानात मी आग विझवायचं नळकांडं ठेवलंय. ते रोज फवारतो का?"

"पण आग लागली तर फवाराल ना?"

"लागू तर दे!"

ही अनलिमिटेड वस्तू म्हणजे मोबाइलचा प्लॅन, आणि आता त्याबद्दल सांगायला हवं. कुणाच्या घराण्यात जमीन चालत आलेली असते, कुणाच्या दागिने. टकळीच्या घराण्यात प्लॅन होता. ती बालवाडीत स्वतःचं नाक पुसायला शिकत होती, तेव्हा बाबांनी तो घेतला होता. एक खातं, पाच नंबर, मोबाइल डेटा अनलिमिटेड. बाबा, आई, काका, आत्या आणि पाचवा नंबर टकळीचा, जो तिला फोन धरता येण्याच्या कितीतरी आधी तिच्यासाठी राखून ठेवला होता. पुढे कंपनीला आपण काय करून बसलो ते कळलं आणि तिने हा प्लॅन विकणं बंद केलं. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे राहिला. अट एकच, पाचातला एक नंबर जरी गळला तरी प्लॅन गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण एके दिवशी दुकानात एक गृहस्थ चष्म्याचा नंबर तपासायला आले, आणि त्यांनी सांगितलं की त्यांच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याकडेही असाच जुना प्लॅन होता, त्याने भरमसाट डेटा वापरला, आणि कंपनीने गोड शब्दांत मेसेज पाठवून त्याला नव्या प्लॅनवर ढकललं. झालं. मेहुण्याच्या शेजाऱ्याइतका भरवशाचा साक्षीदार जगात दुसरा कोण? बाबांनी त्या दिवसापासून धोरण ठरवलं. प्लॅन टिकवायचा तर कंपनीच्या डोळ्यांवर यायचं नाही, आणि डोळ्यांवर यायचं नाही तर तो वापरायचा नाही.

घरात वेगळं वायफाय होतं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की डेटा बंद. चपलांच्या कपाटावर बाबांनी तशी पाटीच लावली होती. महिना संपला की ते घरच्या ग्रुपवर लिहीत, "याही महिन्यात आपला वापर नगण्य. सर्वांचं अभिनंदन!" आणि खाली एक गुलाब. काका एकदा मित्राचं नवं घर शोधायला निघाले, नकाशा लावायचा नाही म्हणून सिमेंटच्या गोदामांमध्ये संध्याकाळभर भटकले आणि शेवटी एका ट्रकवाल्याने त्यांना मुख्य रस्त्यावर आणून सोडलं. बाबांनी ग्रुपवर लिहिलं, "याला म्हणतात निष्ठा." आत्या लोकांच्या घरी जाऊन केस कापते. ती पत्ते तळहातावर लिहून न्यायची, आणि उन्हाळ्यात घामाने निम्मं गाव पुसलं जायचं.

टकळीला या सगळ्याचं काही वाटायचं नाही, कारण गेल्या वर्षापर्यंत तिला कशाचंच काही वाटत नसे. वाटलं तरी ती बोलत नसे. "आमची जरा मुखदुर्बळच आहे," असं आई प्रत्येक शिक्षकाला पहिल्या भेटीत सांगून टाकायची, नंतर तक्रार नको म्हणून. मग शाळेच्या स्पर्धांच्या दिवशी भूगोलाच्या सरांचा घसा ऐन सामन्यात बसला. त्यांनी हातातला माइक शेजारी बसलेल्या, गुणफलकाचे आकडे बदलणाऱ्या मुलीच्या हातात कोंबला. तिने तो जो घेतला तो बक्षिसं वाटून, मंडप काढायला माणसं आल्यावरच परत दिला. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर आलं. रेफरीची धाव, बॉलचा स्वभाव, समोरच्या टीमच्या मोज्यांचा रंग, काही म्हणून तिने सोडलं नाही. तेव्हापासून ती टकळी. मुलींच्या फुटबॉल टीमचे सामने शाळेच्या पानावर लाइव्ह दाखवायचे आणि त्यावर बोलायचं, हे काम तिच्याकडे आपोआप चालत आलं.

घोळ झाला तो सेमीफायनलला. बाहेरचं मैदान, वायफाय नाही, आणि टकळीचा डेटा अर्थातच बंद. तिने बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूकडून हॉटस्पॉट घेतला. सामना पेनल्टीवर गेला. गोलकीपरने डावीकडे झेप घेतली आणि त्याच क्षणी राखीव खेळाडूचा दिवसाचा डेटा संपला. घरोघरच्या फोनवर गोलकीपर आडवी होऊन हवेतच थांबली. तिची आई कामावरून बघत होती. संध्याकाळी मुलगी घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "उतरलीस का गं खाली?"

खेळाच्या मॅडमनी मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. "शनिवारी फायनल आहे. पक्की सोय करून ये, नाहीतर माइक पाठांतरवालीकडे देते. तिच्या फोनला सगळं आहे."

पाठांतरवाली गोल झाला तरी निबंध वाचल्यासारखी बोलायची. 'आपल्या संघाने नुकताच एक गोल केला आहे. ही आनंदाची बाब आहे.' माइक एकदा तिच्याकडे गेला की परत येणार नाही, हे टकळीला पक्कं ठाऊक होतं. शाळेत एकदा हातातून गेलेली गोष्ट परत मिळत नाही, मग तो माइक असो की पहिल्या बाकावरची जागा. आणि मैत्रिणींसमोर रडगाणं गाताना तिच्या तोंडून निसटलं, की तसा आमच्या घरी अनलिमिटेड प्लॅन आहे.

"काय आहे?" गोलकीपर किंचाळली. "तुझ्याकडे अनलिमिटेड होतं आणि तू मला हवेत लटकवलंस?"

तर असा तो प्रश्न जन्माला आला होता.

"दोन तास व्हिडिओ?" टकळीने शनिवारचं सांगितल्यावर बाबांचा आवाज चिरकला. "अगं, आपल्या पाचही जणांनी मिळून आजवर एवढं वापरलं नसेल! कंपनीत लाल दिवा पेटेल!"

"बाबा, लाइव्ह आहे ते. त्याशिवाय मला माइक मिळणार नाही."

"मग रेकॉर्ड कर. घरी ये, हातपाय धू, आणि वायफायवरून टाक. संध्याकाळी लाइव्ह."

"संध्याकाळी लाइव्ह म्हणजे काय?"

"म्हणजे ताजंच की! सकाळचं संध्याकाळी. आम्ही तर लहानपणी आठवड्याने बघायचो."

यावर टकळी जे काही बोलली ते मैदानावरच शोभलं असतं. आईचा पाय पुन्हा एकदा जमिनीत रुतला. शेवटी बाबांनी जाहीर केलं, की प्लॅन एकट्याचा नाही, खातं पाच जणांचं आहे, तेव्हा पाचही जणांनी बसून ठरवावं. त्यांना खात्री होती. निष्ठेचा ट्रकवाला साक्षीदार होता.

गुरुवारी संध्याकाळी आत्या आली, आणि तिच्या मागोमाग काका. काका वेळेवर आले, ही पहिली संशयाची बाब. त्यांनी चपला काढल्या, बाबांच्या पाठीवर थाप मारली, "काय दादा, एवढं तातडीने बोलावलंस?" म्हणाले, आणि त्यांच्या खिशातून एक गोड बाई उत्तरली, "तुम्ही तुमच्या मुक्कामी पोहोचला आहात."

काकांनी घाईने खिसा दाबला. बाई मात्र पुन्हा म्हणाली. तिला काय कल्पना!

"तू डेटा चालू ठेवून आलास?" बाबांनी विचारलं.

"छे छे! आपला नाही रे. आपल्याला हात लावीन का मी?" काकांनी छातीवर हात ठेवला. "दुसरं सिम आहे. छोटंसं. नव्या प्लॅनचं. रस्त्यात दुरुस्तीची कामं फार चाललीत, म्हणून."

"कधीपासून?"

"ते गोदामांचं झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

बाबा आत्याकडे वळले. आत्याने आधी छताकडे पाहिलं, मग तळहाताकडे. तो स्वच्छ होता. "दादा, चिडू नकोस हं. एकदा चुकीच्या घरी जाऊन भलत्याच माणसाचे केस कापून आले मी. तोही बिचारा बसला गुपचूप. मग घेतलं एक सिम. पण तुझी शपथ, आपल्या प्लॅनला धक्का लावला नाही."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा काहीतरी," काका घाईघाईने म्हणाले. ही त्यांची चूक. आईचा चेहरा शिकाऊ ड्रायव्हरने आरशात न बघता गाडी मागे घेतल्यासारखा झाला.

"अहो, गाडीत असताना क्लासचे फोन येतात, रस्ते बंद असतात," आई हळूच म्हणाली. "माझ्याकडेही आहे एक."

म्हणजे एक अनलिमिटेड प्लॅन न वापरता जपण्यासाठी घरात तीन लिमिटेड प्लॅन कसून राबत होते. टकळीला खरं तर टेबलावर चढून याची कॉमेंट्री करायची होती. पण तिने बाबांकडे पाहिलं आणि खुर्चीतच बसून राहिली. डोळे तपासून घेऊन चष्मा मात्र समोरच्या दुकानातून घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बाबा जसे बघतात, तसे ते तिघांकडे बघत होते.

"मग मी हे कुणासाठी जपत होतो?" ते म्हणाले.

"आमच्यासाठीच की!" काका म्हणाले. "आम्ही नंबर सोडले का? पाचच्या पाच आहेत."

"महिन्याला तुझा गुलाब येतो ना दादा, बरं वाटतं," आत्या म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. इतर घरांत भावाबहिणींना एकमेकांची आठवण येण्यासाठी कुणीतरी आजारी पडावं लागतं. इथे नुसता महिना संपला तरी पुरायचं.

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी कुणाकडे न बघता तोडगा काढला, आणि तो ऐकून टकळीला कळलं की या माणसाला आपण अजून ओळखलेलंच नाही.

"ठीक आहे. मग हिलाही एक छोटं सिम घेऊन देऊ. नवं. शनिवारसाठी. मी देतो पैसे." त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे हिचा माइकही राहील आणि आपला प्लॅनही."

"वा!" काका म्हणाले. "सुटला प्रश्न!"

"नाहीतर माझंच घेऊन जा," आई म्हणाली. "शनिवारी सकाळी मला एकच विद्यार्थी आहे."

सगळे हसले, आत्या चहा ठेवायला उठली. मोठी माणसं एखाद्या प्रश्नाला वळसा घालून पलीकडे पोहोचली की त्यांना इतका आनंद होतो! टकळीलाही मोह झाला. हो म्हटलं असतं तर भांडण नाही, माइक हातात, बाबा खूश. गेल्या वर्षीच्या मुखदुर्बळ मुलीने मान डोलवली असती आणि जेवायला काय आहे असं विचारलं असतं.

पण छोट्या सिमला दिवसाचा कोटा असतो. फायनल जादा वेळेत गेली, पेनल्टीवर गेली, तर पुन्हा कुणीतरी हवेत लटकणार, आणि या वेळी मॅडम माइक काढूनच घेणार. आणि हे सगळं कशासाठी, तर न संपणारा डेटा तिच्या स्वतःच्या नंबरवर, तिच्या स्वतःच्या फोनमध्ये, एका बोटाच्या अंतरावर बसून राहावा म्हणून. मेहुण्याचा तो शेजारी तिला भेटला असता तर तिने त्याला एकच गोष्ट विचारली असती, की निदान तो भरमसाट डेटा वापरताना मजा तरी आली का?

ती उठून उभी राहिली. बसून बोलायची सवय आता उरली नव्हती.

"आई, बाबा, मला नवं सिम नको. आईचंही नको."

"अगं पण..."

"बाबा, आधी मला बोलू द्या, मग तुम्ही बोला. तुम्ही हा प्लॅन इतकी वर्षं सांभाळला, यातलं मला काही खोटं वाटत नाही. पण त्यातला एक नंबर तुम्ही माझ्यासाठी घेतलाय ना? बोलता येत नव्हतं तेव्हा घेतलाय. आता येतंय. शनिवारी सकाळी घरातून निघताना मी डेटा चालू करणार आहे आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तो बंद करणार नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि कंपनीचा मेसेज आलाच, तर त्याला उत्तरही मीच देणार आहे."