भिंतीतली शंभराची नोट

मी एक जुनी शंभराची नोट आहे. वयाने तशी फार नाही, पण आज माझा जेमतेम तिसरा हिस्सा उरला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे आपापले पराक्रम सांगतात. माझ्यापाशी पराक्रम थोडे, आणि लाज वाटावी असे पुष्कळ आहे.

नाशिकच्या छापखान्यात माझा जन्म झाला आणि कोऱ्या अंगाने मी श्रीरामपूरच्या बाजारात आले. सकाळी कापसाच्या व्यापाऱ्याकडे, दुपारी गाडीवानाकडे, संध्याकाळी कापडदुकानात. एकाच दिवसात तिघांची नड भागवायची. ते सहा महिने मी खरी जगले.

एकाहत्तर साली पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरची कडूबाई तिकडे कापूस वेचायला आली. सत्तरीला टेकलेली, एकटी, पण काटक. तीन हंगाम साठवलेली मोड दुकानदाराला देऊन तिने मला घेतले. घरी येताच चिंधीत गुंडाळून कोनाड्यात ठेवले आणि वरून शेणामातीने लिंपून टाकले.

"ही माझ्या मातीची," ती स्वतःशीच म्हणाली. "माझ्या मरनापायी कुनी कुनाच्या दारात जायला नगं."

आपल्या अंत्यविधीचा खर्च तिने आपणच राखला होता. मला तो मोठा मान वाटला. शिवाय वणवण थांबली म्हणून मी खूशही झाले. हे सांगायला आज जीभ रेटत नाही.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. वस्तीची विहीर आटली. ती खोल करायला शेजारच्या पुंजारामने वर्गणी जमवून सुरुंगवाले आणले. शेवटचा कातळ उरला आणि पैसे संपले. शंभर रुपये कमी पडत होते. तो कडूबाईच्या दारात आला.

"आत्या, काय हाय का तुमच्यापाशी? आज न्हाई दिलं तर ही मानसं उद्या जात्यात."

"माझ्यापाशी काय आसनार, बाबा?" ती भिंतीला टेकून म्हणाली. तिची पाठ नेमकी माझ्यावर होती.

सुरुंगवाले गेले. बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या.

त्याच आठवड्यात वस्तीवरच्या शाळेचे गिदोन गुरुजी कडूबाईच्या ओट्यावर बसून सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. देशात चलनातल्या नोटा वाढल्या, अशी बातमी होती.

"म्हंजी काय, गुर्जी?" पुंजारामने विचारले.

"लोकांच्या हातात किती पैसा आहे, ते त्यावरून बघतात. ताप मोजावा तसं. नोटा वाढल्या म्हणजे व्यवहार वाढला असेल, नाहीतर महागाई."

"आन् कुनी पुरून ठिवली आसंल तर?"

"तीही चलनातच धरतात. ती कुठं पडलीय ते मोजणाऱ्याला काय कळणार?"

सगळे हसले. कडूबाई हसली नाही. मला तर तोंड लपवायला जागा नव्हती, कारण मी आधीच लपलेली होते. हिशेबात मी कामावर होते आणि प्रत्यक्षात भिंतीत लोळत होते.

घरात येऊन तिने विळ्याने लिंपण खरवडले. चिंधी सोडली, तर वाळवीने मला खाल्ले होते. ती मला घेऊन गुरुजींकडे गेली. ते आम्हा दोघींना तालुक्याच्या बँकेत घेऊन गेले.

"निम्मीसुद्धा नाही. बदलून मिळणार नाही," रोखपाल म्हणाला.

"मग चलनातून वजा तरी होईल?" गुरुजींनी विचारले.

"ती कशी होईल? आकड्यात ती आहेच."

कडूबाईने हे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. त्या वयात. मजुरीतून भाकरीपुरते ठेवून उरलेले ती पुंजारामच्या हातात द्यायची. चार महिन्यांनी शंभर भरले. चुरगळलेल्या एक-एक रुपयाच्या नोटा होत्या त्या. शेवटची हातात पडली त्याच दिवशी पुंजाराम सुरुंगवाल्यांकडे निघाला. कातळ फुटला, पाणी लागले. तोवर वस्तीवरची दुभती जनावरे मिळेल त्या भावात बाजारात गेली होती.

मी आता गुरुजींच्या वहीत असते. परवा त्यांनी पुन्हा तीच बातमी वाचली. नोटा आणखी वाढल्या होत्या.

"त्यात माझी हाय का आजून?" कडूबाईने विचारले.

"आहे, मावशी."

तिने पदर तोंडावर ओढला.

मित्रांनो, पैसा फिरता ठेवा, असे सांगायचा मला अधिकार नाही. एवढेच मागते. देशात इतक्या नोटा चलनात आहेत, असे कधी वाचलेत, तर त्यातून शंभर रुपये वजा करा.