कानेलोचं बाळंतपण

आमच्या घरात आजवर चार बाळंतपणं झाली. तीन माझी, चौथं एका सशाचं. ससा नर होता, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. आणि चारांत सगळ्यात थाटाचं बाळंतपण कुणाचं झालं असेल, तर त्याचंच.

ससा आमच्याकडे आला तो पातेल्यात जाण्यासाठी. धाकट्या इस्माएलच्या बाप्तिस्म्याला विनिसियो कोंपाद्रेंनी तो पोत्यातून आणला. कोंपाद्रे म्हणजे आमच्या पोराचे धर्मपिता आणि माझ्या नवऱ्याचे जिवलग. आमच्या आंबातो शहरातल्या एकाच बुटांच्या कारखान्यात दोघं शेजारी उभे राहून चामडं कापतात. "बटाटे घाला, शेंगदाण्याचा रस्सा करा, बोटं चाटाल," कोंपाद्रे म्हणाले. क्लेवेरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पोत्यात डोकावून पाहिलं आणि तिथंच विरघळला. एक कान उभा, एक पडलेला, अंग दालचिनीच्या रंगाचं. "याला कापायचं? अगं, बघतोय बघ कसा!" त्या दिवशी पाहुण्यांना नुसतेच बटाटे वाढले. सशाचं नाव ठेवलं कानेलो, म्हणजे दालचिन्या.

कानेलो वयात आला आणि घराची रया गेली. खुर्च्यांच्या पायांवर मुतायचा, चपलांवर चढायचा, माझ्या पायांभोवती गुरगुरत फेऱ्या मारायचा आणि वर पोटरीला चावायचा. मी घरी मशीनवर बुटांचे वरचे भाग शिवते. एकदा शिवून ठेवलेल्या अख्ख्या गठ्ठ्यावर त्याने पिचकारी मारली. कारखान्याच्या मालकांनी गठ्ठा नाकाला लावून माझ्याकडे असं बघितलं, जणू ते काम माझंच.

"याची शस्त्रक्रिया करायची," मी घरी येऊन सांगितलं.

क्लेवेरचा चेहरा उतरला. "त्याच्यावर कशाला उठलीस? तो पुरुषासारखा वागतोय, एवढंच."

"हो ना," मी म्हटलं, "तेच तर."

त्याच सुमाराला माझी तपासणी झाली. त्याआधीचं थोडं सांगायला हवं. इस्माएलच्या वेळी माझं ब्लडप्रेशर इतकं चढलं की मला झटके आले. पोट फाडून पोराला काढलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, पोट उघडंच आहे, नळ्या बांधून टाकू का? मी बेशुद्ध. क्लेवेर आईच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि दोन्या सोइला, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "देव देईल तेवढी घ्यावीत. नंतर बघू." नंतर बघू! पोट माझं, जीव माझा, आणि बघणार या!

आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चौथ्यांदा दिवस गेले तर मी हमी देत नाही. गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत, आणि तुमचं प्रेशर बघता पुन्हा भूल द्यायचीही माझी तयारी नाही. नवऱ्याला नसबंदीला पाठवा. सकाळी येईल, दुपारी घरी जाईल.

मी हे सांगत होते तेव्हा क्लेवेर कानेलोला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने ससा पोटाशी असा ओढला, जणू डॉक्टर दारातच उभे आहेत.

"ते जनावरांचं करतात, नार्सी."

"मग तुझ्या जनावराचं तरी करू दे की!"

त्याने सशाला मांडीवरून खाली ठेवलं. मग उठून भिंतीवरच्या बान्योसच्या देवमातेच्या तसबिरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं. आधी कानेलोचं होऊ दे. तो नीट उठून खायला लागला की मी जातो. शपथ."

सशाच्या मागे लपून शपथ घेणारा नवरा आहे का कुणाकडे? माझ्याकडे आहे. पण शपथ ती शपथ. त्या दिवसापासून कानेलोच्या जिवाला मी माझ्या जिवासारखं जपायला लागले, कारण ते आता एकच झालं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीण पाउलिना वयाने लहान, पण बोलायला खणखणीत. "उपाशी ठेवायचं नाही हं," त्यांनी बजावलं. "कुत्र्याला ठेवतात, माणसाला ठेवतात, सशाला नाही. पिंजऱ्यात घालेपर्यंत गवत खाऊ दे. शुद्धीवर आला की पुन्हा गवत. सशाचं पोट थांबलं की ससा थांबला. लेंड्यांवर लक्ष ठेवा. आणि घरी नेल्यावर काही आठवडे मादीपासून लांब. कापलं म्हणजे लगेच निर्धास्त झालो असं नसतं."

मी सगळं पाठ केलं. वाळलेल्या गवताचा भारा आणला. माझ्या शिवणाच्या खोलीमागे चामड्याचे तुकडे ठेवायची कोठी आहे, ती रिकामी करून धुतली. भुसा काढला, जखमेला चिकटू नये म्हणून जुने टॉवेल अंथरले. पायरीवरून उडी मारू नये म्हणून फळी आडवी लावली.

आणि या काळात पुरुष मंडळी काय करत होती? शोक! कोंपाद्रे संध्याकाळी बाटली घेऊन आले आणि दोघं पिंजऱ्यापुढे मयताला बसल्यासारखे बसले.

"बिचारा," कोंपाद्रे म्हणाले. "एकदासुद्धा नाही हो. एकदासुद्धा मजा केली नाही याने."

"नका बोलू," क्लेवेर म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले.

"माझ्या झटक्यांच्या वेळी कुठली बाटली आणली होतीत, कोंपाद्रे?" मी आतून विचारलं. दोघांनी आणखी एकेक पेला भरला.

शस्त्रक्रिया झटक्यात झाली. कानेलो शुद्धीवर आला, दवाखान्यातच त्याने गवताची काडी ओढून चावली. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं औषध दिलं आणि हसून निरोप दिला. घाम फुटला होता तो क्लेवेरला. त्याला बाहेरच्या बाकावर डोकं गुडघ्यात घालून बसवावं लागलं. दिवसभर सुरी चालवतो हा माणूस!

घरी आल्यावर कानेलोने दोन कोथिंबिरीच्या काड्या खाल्ल्या, चार लेंड्या टाकल्या आणि झोपला. मी लेंड्या मोजल्या आणि मनातल्या मनात मातेला हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो खात होता. मला शिवलेले गठ्ठे घेऊन कारखान्यात जायचं होतं. क्लेवेरने सशासाठी सुट्टी काढली होती. हो, सशासाठी. माझ्या तिन्ही वेळा त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

"गवत त्याच्यापुढून हलवायचं नाही," मी बजावलं. "बाकी काही करायचं नाही. फक्त बघत बस."

"जा गं, मी आहे ना," तो म्हणाला.

मालकांनी मला गठ्ठे तपासत थांबवून घेतलं. भर दुपारी परतले तर घराचे सगळे पडदे ओढलेले. दार उघडलं तर धूप-रोजमेरीचा धूर. आणि त्या धुरात, माझ्याच खुर्चीवर, दोन्या सोइला. त्यांच्या मांडीवर कानेलो. आणि कानेलोच्या पोटाला लाल विणलेला पट्टा घट्ट गुंडाळलेला. तो पट्टा मी लांबूनच ओळखला. तिन्ही बाळंतपणांत माझं पोट त्यानेच बांधलं होतं.

"हळू बोल," सासूबाई कुजबुजल्या. "वारं लागेल त्याला. आत पोकळी झालीय, तिच्यात वारं शिरतं."

त्यांच्या हातात औषधाची पिचकारी होती. टेबलावर पातेलं. पातेल्यात गावठी कोंबडीचं अळणी, बाळंतिणीला पाजतात तो बिनमसाल्याचा रस्सा, वर तुपासारखी पिवळी तवंगाची चकती. क्लेवेर दोन्ही हातांनी सशाचं डोकं धरून बसला होता.

"आई, काय पाजलंत त्याला?"

"अळणी. दुसरं काय पाजतात? पोट फाडलेल्याला ते सुकं गवत चावायला लावतेस होय गं? काढून टाकलं मी ते. फेकलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याला कोंबडी पाजलीत? सशाला? आणि तू काय करत होतास रे?"

"मी फक्त धरलं होतं," क्लेवेर म्हणाला.

फक्त धरलं होतं! हे वाक्य त्याच्या कबरीवर कोरायला हवं.

मी पट्टा सोडला. कानेलोचं पोट फुगून टणक झालं होतं, ताणलेल्या ढोलासारखं. दात कराकरा वाजवत होता, कान गार पडले होते. तोंडापुढे कोथिंबीर धरली तर त्याने मान फिरवली. लेंडी एकही नव्हती, ना सासूबाईंच्या मांडीवर, ना टॉवेलवर.

"बघ," सासूबाई हळहळल्या, "म्हटलं नव्हतं? निसर्गाच्या विरुद्ध गेलं की असं होतं. माझ्या मुलाला पाठवणार होतीस ना?"

तेव्हा मला वाटलं की ते पातेलं उचलून भिंतीवर आपटावं. आपटलं नाही, कारण हात सशाने भरलेले होते. मी त्याला टॉवेलात गुंडाळला आणि बस-टॅक्सी काही न बघता उतारावरून पळत सुटले. क्लेवेर मागून अनवाणी.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पोट थांबलंय. कुणी काय दिलं?"

"कोंबडीचं अळणी," मी म्हटलं. "आणि पोट आवळून बांधलं होतं."

त्यांनी क्लेवेरकडे पाहिलं. "का?"

"घरात आजारी माणूस असलं की..." तो पुटपुटला.

सुया टोचल्या, कातडीखाली पाणी भरलं. मग गवताची भुकटी कालवून माझ्या हातात दिली. थोडी थोडी पाजा, पोट बोटांनी हलकं चोळा, ऊब द्या. लेंडी पडली तर वाचला. मी तिथल्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले, कानेलोला मांडीवर घेतलं आणि चोळायला लागले. हळूहळू, गोल गोल.

चोळता चोळता सगळं वर आलं. इस्माएलला घेऊन मी घरी आले होते तेव्हाही अळणी झालं होतं, खोटं कशाला बोलू? कोंबडीच्या दोन्ही तंगड्या क्लेवेरच्या ताटात गेल्या, कारण त्याची बिचाऱ्याची धावपळ झाली होती. मला कोंबडीची मान आणि नुसतं पाणी. आठवडा उलटायच्या आत मी मशीनवर बसले, टाक्यांवर उशी दाबून. कुणी पडदे ओढले नाहीत. कुणी हळू बोललं नाही. आणि आज या नर सशासाठी धूप जळतो, सुट्टी निघते, आईचा लेक डोळ्यांत पाणी आणतो! मला कानेलोचा राग येत नव्हता. त्याचा काय दोष? तो माझ्यासारखाच गप्प पडून दुखणं सोसत होता. पण तो मेला असता, तर हे दोघं मायलेक आयुष्यभर मला त्याचं उदाहरण देणार होते. माझा जीव एका लेंडीवर टांगला होता. हसायचं तर हसा.

"मर नकोस," मी त्याच्या पडलेल्या कानात म्हटलं. "आज मेलास तर मी तुला रश्शात घालीन."

ऊन कलायला लागलं तेव्हा टॉवेलवर काहीतरी काळं दिसलं. मिऱ्याएवढं. मग दुसरं. मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर कुत्री भुंकायला लागली. क्लेवेरने माझ्या मांडीवरून सशाला उचललं आणि त्याच्या डोक्याचे मुके घेत रडला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

कानेलो सावरला. गवत खाऊ लागला, मग गाजराची पानं, मग माझ्या मशीनची वायर. चावणं सुटलं, पिचकाऱ्या सुटल्या. जखम भरली. मी कोठीतली फळी काढली त्या सकाळी क्लेवेरला म्हटलं, "चल. उठून खातोय तो. आता तू."

तो बुटाची नाडी बांधत होता. बांधतच राहिला.

"नार्सी, तू पाहिलंस ना त्याचं काय झालं? मी त्याचे डोळे पाहिलेत."

"त्याचं जे झालं ते तुझ्या आईच्या अळण्याने झालं!"

"तरी पण. थोडं थांबू. नंतर बघू."

नंतर बघू. तेच शब्द, त्याच घरातले.  

मी आत गेले. पलंगावरची त्याची उशी घेतली, घोंगडी घेतली आणि कोठीत टॉवेलांवर नेऊन टाकली. कानेलोला उचलून माझ्या खोलीत आणला. मग क्लेवेरचा दंड धरून त्याला कोठीच्या दारात उभा केला.

"हे काय?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? नराला मादीपासून लांब ठेवा. कानेलोचं काम झालंय, त्याचे आठवडेही भरत आले. तुझे अजून सुरूच व्हायचेत."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"मी मेल्यावर जे म्हणाले असते, त्यापेक्षा बरं म्हणतील." मी त्याला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

बातमी दुपारपर्यंत वरच्या गल्लीत, सासूबाईंच्या घरी पोचली. जेवणाच्या वेळेला दोन्या सोइला हजर, हातात झाकलेलं पातेलं. दारातच हाक मारली, "माझं पोर कुठंय? जनावरासारखं कोंडलंय म्हणे त्याला! थोडं अळणी आणलंय त्याच्यासाठी. किती धसका घेतला असेल."

"द्या, आई," मी म्हटलं, आणि पातेलं त्यांच्या हातातून घेतलं. टेबलाशी बसले. झाकण काढलं. दोन्ही तंगड्या वरच तरंगत होत्या. मी एक वाडग्यात वाढून घेतली, मग दुसरीही. सासूबाई उभ्याच राहिल्या.  माझ्या पायाशी कानेलो गवत चघळत होता.

कोठीत वास गेला असावा. दाराच्या फटीतून क्लेवेरचा आवाज आला, अगदी बारीक.

"नार्सी, माझ्यासाठी आहे का थोडं?"

"आहे," मी म्हटलं. "आधी जाऊन ये."

आणि तंगडी तोंडाला लावली.