नऊ नंबरची घंटा

“आधी खूण कर, मग पळ!” शिवप्पा यंत्रांच्या गोंगाटात ओरडला.

धुळाने शेवटच्या आवळलेल्या बोल्टवर खडूची रेघ मारली.

चौऱ्याहत्तर साल. सोलापुरातल्या त्या गिरणीत कापूस पिंजणाऱ्या प्रत्येक यंत्राशेजारी एक दोरी असे. ती ओढली की फिटर शिवप्पाच्या फळीवर त्या नंबरची पत्री, म्हणजे पत्र्याची छोटी पट्टी, पडे आणि पत्री वर सरकवेपर्यंत घंटा वाजत राही. मग हातातल्या कामावर खूण करून जायचं, अडचण निस्तरायची, परत खुणेपासून पुढे.

“दोन घंटा संगट झाल्या तर, मामा?” धुळाने विचारलं. वयाने तिशीचा, पण खात्यात नवा.

“माणूस अडकलाय ती आधी. कापूस काय, रडत न्हाय.”

नाजूक कामापुरता फळीवरचा खटका खाली करत. मग घंटा मुकी. पत्री मात्र पडायचीच. आज तीन नंबरचा दातेरी रूळ बसवताना शिवप्पाने तो खाली केला होता. काम झालं. पण धुळाने पुन्हा काही विचारलं आणि शिवप्पा शिकवत बसला. खटका खालीच राहिला.

किंकाळी आली ती नऊ नंबरवरून.

झाडणाऱ्या नागम्माचा पदर यंत्राने ओढला होता, पदरामागून हात. कोपरापर्यंत. पिंजलेल्या कापसाचा पांढरा पेळू लाल होऊन बाहेर येत होता. शिवप्पाने पहार घालून यंत्र फिरवणारा पट्टा उडवला. सुटलेला पट्टा चाबकासारखा बसला. त्याचा गाल फाटला.

तिला उचलून नेताना ती एवढंच म्हणाली, “अण्णा, म्या तीनदा वडली की ओ दोरी...”

खातं बंद पडलं. सगळे फळीपाशी जमले. मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, “बाईनं दोरी ओढलीच नाही, असं लिहू. तुमची नोकरी राहील, शिवप्पा.” आणि त्यांनी पडलेल्या पत्रीकडे हात नेला.

शिवप्पाने त्यांचं मनगट धरलं. पांढऱ्या बाहीवर रक्त उमटलं.

“ऱ्हाऊ द्या, सायेब. तिनं बोलावलं हुतं.”

दुसऱ्या हाताने त्याने खटका वर केला.

थांबलेल्या यंत्रांमधून घंटा खणखणू लागली. नऊ नंबर. पत्री वर सरकवायला कुणीच पुढे झालं नाही.

शिवप्पाने खिशातला खडू धुळाच्या हातात ठेवला आणि तो नऊ नंबरकडे चालू लागला.