पहिला कॅमेरा

श्यामकांत सरांच्या मुलुंडच्या फोटो कंपनीत चेतनाला तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही वर्षं तिने लाइट धरला होता. लग्न कुणाचंही असो, पहिला कॅमेरा, म्हणजे मुख्य फोटोग्राफरचं काम, मुकुलचं. हेल्परने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, लावला तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, असा सरांचा नियम होता. चेतनाला तो पहिला कॅमेरा हवा होता. हे तिने दोनदा बोलूनही दाखवलं होतं. दोन्ही वेळा सरांनी तिच्यासाठी चहा मागवला.

त्या दिवशी घाटकोपरच्या हॉलमध्ये बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. मुकुलच्या हातात नेहमीची यादी होती: अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी.

"मुकुलदादा, इथे अंतरपाट नसतो," चेतना म्हणाली. "वंदना झाली की प्रतिज्ञा आणि लगेच हार. पटकन होतं सगळं. आमच्यात असंच असतं."

"लग्न आहे की रजिस्टर ऑफिस? मी सांगतो तिथे उभी राहा आणि लाइट धर."

वंदना सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांत नवरानवरी हात जोडून उभे राहिले. मुकुलने चार फोटो काढले. पूजा म्हणजे तासाची निश्चिंती, असा हिशेब करून मुकुलसाहेबांनी कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि खाली वडापाव खायला गेले.

दहा मिनिटांत प्रतिज्ञा आली. चेतनाने दाराकडे पाहिलं, फोन लावला. साहेब उचलतील तर शपथ! मुलीच्या आईने हाराचं ताट पुढे आणलं. हा क्षण गेला तर या बाईला तो कुठून आणून देणार? कॅमेऱ्याला हात लावला तर नोकरी जाणार, हे चेतनाला माहीत होतं. पण ती हलली.

"मामा, हे जरा धरा," तिने लाइटचा स्टँड नवरीच्या मामाच्या हाती दिला. अंतरपाट नसल्यामुळे मामा रिकामेच होते. त्यांनी तो अगदी मनापासून धरला.

मुकुल तोंड पुसत आला तेव्हा लोक उभे राहून फुलं उधळत होते.

"हार?"

"झाले."

"वाट लागली!"

"काढलेत मी," चेतना म्हणाली आणि कॅमेरा न देता पुढचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सरांनी आधी मुकुलसमोरच नियमावरून तिला चांगलं झापलं. मग फोटो पाहिले. एका फोटोत नवरी हार घालायला टाचा उंचावून उभी होती आणि मागे तिची आई हसता हसता रडत होती. सर त्या फोटोवर बराच वेळ थांबले.

"झकास आलेत," ते म्हणाले. "आता असं करू. यापुढे तुमच्या लोकांची लग्नं तू करत जा."

चेतनाला आनंद झाला आणि त्याच दमात संतापही आला. तीन वर्षं मागितलेलं मिळत होतं, पण वाटणी करून. होय म्हटलं असतं तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

"नाही सर," ती म्हणाली. "दादांना आमचं लग्न एका दिवसापुरतंही कळलं नाही. मला तुमचं तीन वर्षं पाठ आहे. अक्षता कधी पडतात, मुलीचे बाबा कधी रडतात, सगळं. काढलं तर सगळ्यांचं काढेन."

भिंतीवरच्या फळ्यावर रविवारचं काम लिहिलं होतं: बोरिवली, वैद्यांकडचं लग्न, मुकुल. तिने ते नाव पुसलं, आपलं लिहिलं आणि खडू सरांच्या टेबलावर ठेवला. बदलायचं असेल तर बदला, अशा अर्थाने.

सरांनी खडूकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनवरच्या त्या आईकडे पाहिलं. खडू त्यांनी उचलला नाही.

"अहो सर, मग लाइट कोण धरणार?" मुकुल म्हणाला.

"तुम्ही धरा ना, दादा," चेतना म्हणाली. "कुठे उभं राहायचं ते मी सांगेन."