जित्या माणसाची वावा

"आजी, हिला वेण्या दोन घालू की एक?"

फोर्तुनाताचं डोकं भट्टीच्या तोंडाशी होतं. लांब काठीला ओल्या डहाळ्या बांधून ती आतली राख बाहेर ओढत होती आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. अशा वेळी काहीही विचारलं तरी आजी 'हो' म्हणते, हे नातीला पक्कं ठाऊक.

"हो."

"हो काय? दोन की एक?"

"दोन घाल बाई, दोन घाल. आणि कणीक खाली सांडू नकोस, कोंबड्या टपून बसल्यात."

उद्या दुपारी बाराला मेलेली माणसं घरी यायची होती. वर्षातून एकदा येतात, पोटभर जेवतात, दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी पाव भाजायला अर्धी गल्ली फोर्तुनाताच्या अंगणात जमली होती. ज्याचं त्याचं पीठ, ज्याची त्याची परात, भट्टी तेवढी हिची. बायकांच्या कोपरापर्यंत कणीक, तोंडानं गावभरच्या चहाड्या, आणि पोरं पायात येऊ नयेत म्हणून त्यांच्या हाती एकेक गोळा दिलेला. पोरं त्याची शिडी करतात, मेलेल्याला आभाळातून उतरायला. घोडा करतात, परत जायला. पाच पायांचे घोडे, पंख नसलेली कबुतरं, काय वाट्टेल ते होतं. सगळं भट्टीत जातं आणि सगळं फुगून सारखंच गोंडस दिसतं.

आणि वावा. वावा म्हणजे दुपट्यात गुंडाळलेलं पावाचं बाळ. जो माणूस गेला त्याच्यासाठी ती करायची. तोंड मात्र बाजारातून आणायचं, रंगवलेलं, प्लास्टरचं, अंगठ्याएवढं. ते कणकेत दाबून बसवायचं. बाप्याचं मिशीवालं, बाईचं लाल ओठांचं. फोर्तुनातानं नवऱ्यासाठी, सेनोनसाठी, सकाळीच वावा करून ठेवली होती. हे तिसरं वर्ष. तीन वर्षं टेबल मांडायचं आणि तिसऱ्या वर्षी कायमचा निरोप द्यायचा, अशी रीत. तेव्हा यंदा तिनं मिशी जरा मोठीच निवडली होती.

शेजारची कास्ता हात पुसत आली आणि पोरीच्या डोक्यावरून वाकली. कास्ताला दुसऱ्याच्या परातीत डोकावल्याशिवाय चैन पडत नसे.

"कुणाची गं ही, दानित्सा? आजोबांची तर आजीनं केलीय. आणि ही तर बाई दिसतेय."

"मम्मीची."

अंगणातलं मळणं थांबलं. कास्तानं छातीवर क्रूस काढला.

"अगं पोरी, जित्या माणसाची वावा करतं का कुणी? मरण बोलावशील आईचं. मोड ती, मोड बघू आधी."

दानित्सानं दोन्ही हात परातीवर आडवे टाकले. पाच वर्षांची पोर, पण हात असे टाकले की ते उचलायची कुणाची छाती झाली नाही.

"आजोबांची केली की आजोबा येतात," ती म्हणाली. "मागच्या वर्षी आले. त्याच्या आधी पण आले. मम्मीची कुणी करतच नाही. मग ती येणार कशी?"

आता या पोरीला काय सांगावं? त्या अंगणातल्या प्रत्येक घरचं कुणी ना कुणी समुद्रापलीकडे गेलेलं. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण. कास्ताचा तर नवराच, आणि त्याचा फोनसुद्धा बंद झालेला. सगळ्या बायका आपापल्या परातीत बघू लागल्या.

फोर्तुनाताची लेक निल्दा परदेशी गेली तेव्हा दानित्सा भिंत धरून चालत होती. स्पेनमध्ये कुठल्याशा शहरात निल्दा एका म्हातारीला न्हाऊमाखू घालते, भरवते, रात्री तिच्याच खोलीत झोपते. तिथे राहायचे कागद झालेले नाहीत. एकदा तिथून निघाली की परत आत घेणार नाहीत, आणि परत गेली नाही तर इथे खायचं काय? म्हणून ती निघत नाही. दर रविवारी फोन येतो. दानित्सा विचारते, "केव्हा येशील?" निल्दा म्हणते, "लवकर, राणी." फोन ठेवल्यावर पोर आजीकडे बघते आणि आजी म्हणते, "येणार गं, येणार." जेवणाबरोबर रोज घासभर खोटं भरवलं होतं फोर्तुनातानं नातीला. पोर ते खाऊन वाढत होती आणि आज त्याचीच वावा झाली होती.

फोर्तुनाता लांब दांड्याची फळी हातात घेऊन उभी राहिली. भट्टी तापलेली, वेळ घालवून चालायचं नाही. वावा आत सरकवावी तर तिकडे निल्दाला काही झालं म्हणजे? मोडावी तर इथे ही पोर. उभ्या आयुष्यात तिनं किती पाव आत ढकलले असतील, पण फळी अशी जड कधी लागली नव्हती.

"आजी, घाल ना."

"थांब जरा. जागा नाहीये आत."

जागा होती. सगळ्यांना दिसत होती.

सरपण फोडणारा रोमुलो म्हातारा ओंडक्यावर बसून हे बघत होता. त्याला दात चार आणि चेष्टा चारशे. तो म्हणाला, "काय गं बायांनो, मेलेल्याचा बाप्तिस्मा करतात का कधी?"

"काहीतरीच काय," कास्ता म्हणाली.

"मग झालं तर. पोरं दरवर्षी वावांचा बाप्तिस्मा करतात, खेळ म्हणून. हिचाही करू. पाणी पडलं की ती मेलेल्याची वावा राहत नाही. तान्हं बाळ होतं. आणि नाव ठेवू दुसरं काहीतरी. रोसिता म्हणा, फ्लोरिंदा म्हणा. मिटलं."

फोर्तुनाताचा जीव भांड्यात पडला. म्हातारा एरवी कामाचा नाही, पण आज त्याला दोन वाट्या सूप जास्त द्यायचं तिनं मनाशी ठरवलं. "ऐकलंस ना?" ती नातीला म्हणाली. "आधी भाजू, मग नाव ठेवू. छानसं नाव शोधून ठेव." आणि वावा भट्टीत गेली.

दुपार कलली तेव्हा अंगणभर पाव पसरले होते आणि खरपूस वासानं गल्लीतली कुत्री दाराशी जमली होती. रोमुलोनं पिठाचं रिकामं पोतं खांद्यावर घेतलं आणि पाद्री झाला. कपात पाणी, पाण्यात फुलाची डहाळी. कुरकुर केली म्हणून कास्तालाच धर्ममाता केलं. पोरं घोळका करून उभी राहिली.

"बाळाची आई कोण?" रोमुलोनं नाकातून विचारलं.

"मी," दानित्सा म्हणाली. वावा तिच्या कडेवर होती, अजून कोमट.

"बाप कोण?"

दानित्सानं इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या एका शेंबड्या पोराकडे बोट केलं. ते पोर घाबरून रडायलाच लागलं. बायका पोट धरून हसल्या.

"रडणारा बाप चालेल. नाव काय ठेवायचं?"

"निल्दा."

रोमुलोचा हात वरच्या वर राहिला. डहाळीतून पाणी त्याच्या बाहीत उतरलं. त्यानं फोर्तुनाताकडे पाहिलं, कास्तानंही पाहिलं. फोर्तुनाताला वाटलं, नको म्हणावं. मग तिला आठवलं, निल्दाचं नाव ठेवलं तेव्हा ते आपणच ठेवलं होतं, कुणाला न विचारता.

"टाक पाणी," ती म्हणाली. "आईनं ठेवलंय नाव, तू कोण विचारणारा?"

रोमुलोनं पाणी शिंपडलं, पीठ, मीठ आणि खमीर यांच्या नावानं काहीबाही पुटपुटला आणि शेवटी म्हणाला, "आता आईनं बाळाला काय तो उपदेश करावा."

दानित्सानं वावा दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली. आवाज एकदम मोठ्या बाईचा काढला.

"घरातच राहायचं. कुठ्ठं जायचं नाही. गेलीस तर मी तुझा फोन घेणार नाही, सांगून ठेवते."

पुन्हा हशा पिकला. कास्ता तर इतकी हसली की तिला शालीला डोळे पुसावे लागले, आणि ती पुसतच राहिली. फोर्तुनाता हसली नाही. भट्टी बघून येते म्हणाली आणि आत वाकली. भट्टीत काहीसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी टेबल मांडून झालं. सेनोनच्या आवडीचं शेंगदाण्याचं सूप, मक्याची दारू, सिगारेटी, शिडी, घोडा आणि मधोमध मिशीवाली वावा. दानित्साची वावा टेबलावर नव्हती. ती तिच्या मांडीवर होती. पोर सकाळपासून ठेवणीतला झगा घालून उंबऱ्यावर बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती. आजीकडून दोन वेण्या घालून घेतल्या होत्या, वावासारख्याच.

देवळाची घंटा वाजू लागली. कुठेतरी फटाके वाजले. खिडकीतून एक माशी आत आली, टेबलावर फिरली आणि सूपच्या वाटीच्या काठावर बसली. मेलेलं माणूस माशी होऊन येतं, म्हणून ती हाकलायची नसते. फोर्तुनातानं डोक्यावरची टोपी काढली.

"आलास," ती हळूच म्हणाली.

"आजोबा आले?" उंबऱ्यावरून दानित्सानं विचारलं.

"आले."

"मग आता मम्मी."

फोर्तुनाताची जीभ सवयीनं 'येणार गं' म्हणायला वळलीच होती. पण समोर सेनोन जेवायला बसलेला. जिवंत होता तेव्हाही त्याच्यासमोर खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तो काही म्हणायचा नाही, नुसतं बघायचा. ती जाऊन नातीशेजारी उंबऱ्यावर बसली. गुडघे कुरकुरले.

"दानित्सा, मम्मी आज येणार नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. या वर्षी नाही. पुढच्या वर्षीचं मला ठाऊक नाही. तिलाही ठाऊक नाही, बाळा."

दानित्सानं मांडीवरच्या वावाकडे पाहिलं. "माझी चुकली का वावा? वेण्या दोन घातल्या म्हणून?"

"नाही गं. वावा छान झालीय. पण वावा केल्यानं मेलेलीच माणसं येतात. जित्या माणसांना कागद लागतात."

"कुठे मिळतात?"

"तिकडच्या कचेरीत. तिला अजून देत नाहीत."

"आजोबांना नाही लागले?"

"त्यांना कोण विचारतंय."

रस्त्यावरून मेलेल्यांसाठी प्रार्थना करत, पाव मागत दारोदार फिरणारी पोरं पिशव्या घेऊन दुसऱ्या गल्लीत वळली.

"तू तर म्हणायचीस, येणार येणार."

"म्हणायचे. खोटं बोलत होते मी."

"का?"

"तू रडशील म्हणून."

"मी कुठे रडतेय?" दानित्सा म्हणाली, आणि ते खरं होतं. रडत होती ती फोर्तुनाता. पोरीनं झग्याच्या टोकानं आजीचा गाल पुसला, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी बाराला टेबल उठलं. सेनोनला वेशीपर्यंत पोचवलं, टेबलावरचं सगळं प्रार्थना करणाऱ्यांना वाटून टाकलं, घरात त्यातला कण ठेवला नाही. संध्याकाळी कास्ता आली आणि ओशाळून म्हणाली की धर्ममातेचा वाटा राहिलाय. रीतीप्रमाणे आई आणि धर्ममाता मिळून वावा खातात. फोर्तुनाताला वाटलं, आता पोर थयथयाट करणार. पण दानित्सानं स्वतःच वावा मधोमध मोडली, तोंड काढून ठेवलं आणि वेण्यांकडचा भाग स्वतःकडे घेतला.

"हा माझा. आई मी आहे."

कास्तानं मुकाट्यानं पायाकडचा भाग घेतला. दोघी चुलीजवळ बसून खात होत्या. पाव जरा वातड झाला होता.

रविवारी फोन आला. दानित्सानं मोबाइल दोन्ही हातांत धरला. चौकोनात निल्दाचा चेहरा, मागे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फरशा.

"काय काय केलंस गं सणाला?"

"घोडा केला. शिडी केली. वावा केली."

"अगं बाई. कुणाची?"

दानित्सानं आजीकडे पाहिलं. फोर्तुनाता परात घासायची थांबली.

"एका बाळाची," दानित्सा म्हणाली. "रोमुलोआजोबांनी पाणी घातलं. शेंबडा बाप होता."

निल्दा हसली. दर रविवारचा प्रश्न यायची वेळ झाली होती. निल्दाच्या ओठांवर उत्तर तयार होतं, फोर्तुनाताला ते दिसत होतं.

"मम्मी, तू जेवलीस?"

"अं?"

"जेवलीस का? त्या म्हातारीला भरवलंस, पण तू?"

"जेवते ना, आता जेवते."

"जेव. गरम आहे तोवर खा. आणि आजीनं मला सांगितलंय कागदांचं. तू घाबरू नकोस."

चौकोनातला चेहरा हलला, फरशा गेल्या, छत आलं. दानित्सानं मोबाइल आजीच्या ओल्या हातात दिला.

"आजी, तिनं फोन उलटा धरलाय. तू बोल," ती म्हणाली आणि अंगणात पळाली.

"बोल पोरी," फोर्तुनाता म्हणाली.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. फोर्तुनातानं पायानं स्टूल ओढलं, बसली, मोबाइल तोंडासमोर धरला आणि लेकीचं आवरेपर्यंत ते परक्या घराचं छत बघत राहिली.