देवघरात चढलेला पाट

मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे, आणि लग्नात नवरदेवाला देतात तोही नव्हे. मी न्हाणीतला पाट. मित्रांनो, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसते, पाय समोर लांब पसरते आणि बाळाला पायांवर निजवते. बाळ रडतं, पाणी वाहतं आणि खालचा पाट ते सगळं मुकाट्यानं सोसतो. असा माझा धंदा. पण मध्यंतरी मला असा काही मान मिळाला की त्या मानामुळेच मी पार एकटा पडलो. तेच सांगायचंय.

माझा जन्म महाळुंग्याचा. आबाजींच्या शेताच्या बांधावर एक बाभूळ वठली होती. किसन सुतारानं तिची फळी काढली, खाली दोन जाड पट्ट्या ठोकल्या आणि लुगड्यात अडकू नयेत म्हणून माझे कोपरे घासून गोल केले. आबाजींचा मुलगा रोहिदास तेव्हा नुकताच जन्मला होता. त्याच्या आईनं, मंजुळाबाईंनी, माझ्यावर बसून त्याला पायांवर घेतलं आणि त्यानं मला लगेच ओलं केलं. ते पाणी तांब्यातलं नव्हतं.

मंजुळाबाईंच्या हाताला गुण होता. किरकिरं पोरसुद्धा त्यांच्या पायांवर आलं की डोळे मिटायचं. मग काय, गावात कुणाकडे बाळ झालं की मंजुळाबाई मला काखेत मारून निघायच्या. तेल, डाळीचं पीठ, दुधाची साय, कढत पाणी. शेवटचा तांब्या बाळावरून ओवाळून टाकला की त्या म्हणायच्या, "झालं गं माजं बाय." आज कंपनीच्या बसमधून रुबाबात उतरणारे कितीतरी बाप्ये माझ्यावर बोंबलून गेलेत. मी कुणाचं नाव सांगत नाही.

पुढे शेतांच्या जागी कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या. बाळंतिणी शहरातल्या दवाखान्यातून परस्पर फ्लॅटवर जाऊ लागल्या. मंजुळाबाईंना बोलावणं येईना. आबाजी वारले. रोहिदास लग्न करून रावेतला फ्लॅटवर राहायला गेला. मंजुळाबाईंचे गुडघे धरले आणि मी कॉटखाली कांद्यांच्या शेजारी जाऊन पडलो. कांदे निदान बदलत तरी. मी तिथंच.

एक दिवस फोन आला. रोहिदासची बायको पूनम हिला दिवस गेले होते. मंजुळाबाईंना पहिलं नातवंड होणार होतं. त्यांनी फोन ठेवला आणि आधी मला बाहेर ओढलं. घासून पुसून मला तेल लावलं. आणि जी बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षानुवर्षं नको म्हणत होती, तिनं दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं, "रोहिदास, माजं गुडघं बदलून टाक."

सगळ्यांना वाटलं, आईला सुबुद्धी झाली. खरं कारण त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. नवे गुडघे आले की नातवंडाला पायांवर घ्यायचं.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, आजी, आता खुशाल चाला, जिने चढा, पण जमिनीवर बसायचं नाही, कधीच नाही. मंजुळाबाईंनी मान हलवली. रोहिदास त्यांना रावेतला घेऊन आला तेव्हा त्यांनी मलाही सोबत आणलं. कशासाठी, हे मी त्यांना विचारू शकत नव्हतो आणि मुलगा विचारत नव्हता.

बाळंतपण होऊन सव्वा महिना झाल्यावर पूनम माहेराहून, लातूरहून, बाळाला घेऊन आली. मुलगी झाली होती. पूनमला गॅलरीत मी दिसलो, तेलानं चकचकीत. तिला वाटलं, सासूबाईंनी देवांसाठी खास गावाहून पाट आणलाय. तिनं मला पुसलं, हळदीकुंकू लावलं, लाल कापड अंथरलं आणि माझ्यावर खंडोबाचा टाक आणि बाळकृष्ण ठेवला. किती मनापासून केलं पोरीनं. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. देव बसलेला पाट ओढायचा कसा, आणि ओढला तरी बसणार कोण? त्या काठी टेकत सोफ्याकडे परतल्या.

असा मी देवघरात चढलो. रोज उदबत्ती, रोज फुलं. आणि पलीकडे सोफ्यावर मंजुळाबाईंनाही तसंच बसवलं होतं. "आई, तुम्ही बसा. तुम्ही काही करू नका." बाळ न्हाऊन, पुसून, गुंडाळून त्यांच्या हातात यायचं आणि थोड्या वेळानं परत जायचं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहायचो. मला फार एकटं वाटायचं आणि त्यांनाही वाटत असणार.

पूनम बाळाला प्लॅस्टिकच्या टबात न्हाऊ घालायची. माहेरी तिच्या आईनंच सगळं केलेलं, त्यामुळे तिला सवय नव्हती. साबणानं बाळ निसटायचं आणि टाहो फोडायचं. एका सकाळी रोहिदास फर्स्ट शिफ्टला गेला होता. बाथरूममधून बाळाचं रडणं आलं आणि मागोमाग पूनमचंही.

मंजुळाबाई उठल्या. देवांना हात जोडून त्यांनी टाक आणि बाळकृष्ण ताम्हनात उतरवले. काठीनं ढकलत ढकलत मला बाथरूमच्या दारापर्यंत नेलं.

"आई, देवाचा पाट बाथरूममध्ये?" पूनम घाबरून म्हणाली.

"देवाचा न्हाई गं तो. अर्ध्या गावाची पोरं मुतल्यात त्याच्यावर. तुजा नवरा धरून."

पूनमला रडता रडता हसू आलं. मग तिनं विचारलं, "पण तुम्ही खाली बसणार कशा?"

"मला न्हाई बसता येत. ह्याच्यासाठीच तर गुडघं बदललं, आन् आता बसायचंच न्हाई म्हनत्यात." मंजुळाबाईंनी तांब्या उचलला. "तू बस. मी पानी घालते."

पूनमनं लाल कापड काढून बाजूला ठेवलं. मग ती माझ्यावर बसली, पाय पसरले, बाळाला निजवलं. मंजुळाबाई खुर्ची ओढून वरून पाणी घालू लागल्या, दुसरा हात बाळाच्या कपाळावर आडवा धरून. थोड्या वेळानं रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी पूनमनं पलंगावर जुनी चादर अंथरली. "आई, इथं तर पाय पसरून बसता येतं ना? मग तेल तुम्ही लावायचं, पाणी मी घालीन." आणि तिनं बाळाला आजीच्या पायांवर ठेवलं.

मित्रांनो, मी ते पाहिलं नाही. मी बाथरूममध्ये भिंतीला टेकून उभा होतो. फक्त ऐकलं. "झालं गं माजं बाय." मंजुळाबाई आता माझ्यावर कधीच बसणार नाहीत, हे मला तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं. पण त्यांचा आवाज फार आनंदात होता.

तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्यांना जरूर मान द्या. पण उंच जागी नेऊन बसवण्याआधी एकदा विचारा, तुला कुठं बसायचंय?